एकतीस शेरे

सकाळी सात वाजता तिने चहा गाळला, धाकट्या भावाचा डबा भरला आणि लॅपटॉप उघडला. ती बँकेत संशयास्पद व्यवहार तपासत असे, एम.ए.चा प्रबंधही त्याच तपासणीवर होता. प्रबंधासाठी निवडलेल्या चाळीस प्रकरणांपैकी एकतीस एकाच शेऱ्याने बंद झाली होती : ‘ग्राहक जुना, परिचित, चौकशीची गरज नाही.’ तो शेरा पहिल्यांदा तिनेच, घाईत, काही न तपासता लिहिला होता. सहकाऱ्यांनी तोच उतरवला.

हे तिने भावाला सांगितले होते. खांद्यावरून वाचत तो म्हणाला, “ताई, तुझा शेरा भलताच चाललाय की! पण तुझं नाव नको घालूस. नोकरी जाईल.”

“डबा घे.”

तिला काहीच वाटत नव्हते. तिने तळटीप लिहिली : ‘हा शेरा मूळ माझा.’ प्रबंध विद्यापीठाला पाठवला आणि कप विसळला.