आंधळी घुबडं

मैदानावर मॅडमनी शिट्टी फुंकली, सोळा जणींना रांगेत उभं केलं आणि शिबिरासाठी बारा नावं वाचली. भिंगरीचं नाव सातवं आलं. गोलकीपर! दहा दिवस, दुसऱ्या गावी, खऱ्या रबरी मैदानावर हँडबॉल. तिनं अशी काही उडी मारली की शेजारची उंच मुलगी म्हणाली, "अगं, बॉल अजून आलेला नाही." मॅडमनी प्रत्येकीच्या हातात एकेक कागद दिला. पालकांची सही. उद्या सकाळी पहिल्या तासाला. नाहीतर तेरावी मुलगी तयारच होती, आणि ती तेरावी भिंगरीकडे इतकं गोड हसत होती की भिंगरीनं कागद लगेच वहीत दडवला.

तेवढ्यात दप्तरातला फोन थरथरला. मावशी.

"भिंगरे, घुबडं परत आंधळी निघाली गं. तीन. ताई मशीन बंद करून बसलीय आणि तोंडातून अक्षर काढत नाहीये. ये बाई पळत."

झालं. उडीतली हवा गेली.

घुबडांचं प्रकरण असं होतं. भिंगरीच्या आईचं कंप्युटर भरतकामाचं दुकान होतं. एकच खोली, पुढे काचेचं दार, मधोमध भरतकामाचं मशीन, कोपऱ्यात कंप्युटर. आई मशीन चालवायची, मावशी निघालेल्या बिल्ल्यांचे दोरे कातरायची. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे एप्रन, आणि आता एका पहारेकऱ्यांच्या कंपनीचं मोठं काम आलं होतं. दीड हजार बिल्ले: निळी ढाल, त्यावर तपकिरी घुबड, खाली त्या त्या पहारेकऱ्याचं नाव पांढऱ्या दोऱ्यात, आणि सगळ्यात शेवटी घुबडाचे दोन पिवळे डोळे. कंपनी माणसं भरती करत होती तशी नावं यायची. रोज दुपारी तीनला सुपरवायझर पंधरा-वीस नावं फोनवर धाडायचा. म्हणजे रोज नवी नावं टाकायची, रोज नव्या फाइली करायच्या, त्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि पेनड्राइव्ह मशीनला लावायचा.

आणि हे सगळं चालायचं लिनक्सवर. हा पराक्रम भिंगरीचा.

चार महिन्यांपूर्वी जुनी सिस्टीम अशी रडतखडत चालायला लागली की आई सकाळी बटण दाबून चहा करायला जायची, चहा पिऊन कप विसळायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. नव्या सिस्टीमला नवा कंप्युटर हवा म्हणे. तेव्हा भिंगरी वाचून वाचून तयार झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लिनक्स टाकू. फुकट आहे. जगभरची माणसं मिळून बनवतात."

"फुकट?" आईनं भुवई वर केली. "आणि नंतर कोणी परत मागायला नाही ना येणार?"

एका रविवारी तिनं ते टाकलं. भरतकामाची नक्षी काढायचं सॉफ्टवेअरही तसलंच फुकटातलं शोधलं. कंप्युटर अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागला. मावशीनं हातानं 'शाबास' असं भरून एक बिल्लाच तिच्या दप्तराला लावून टाकला. भिंगरी आठवडाभर वर्गात जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होती.

मग आंधळं घुबड निघालं. ढाल झाली, घुबड झालं, नाव झालं, आणि मशीन 'काम संपलं' म्हणून थांबलं. डोळे गायब! रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या दंडावर आंधळं घुबड. सुपरवायझर हसला नाही.

भिंगरीनं खोदून खोदून कारण शोधलं. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की पडद्यावरची पट्टी भरते, आपल्याला वाटतं झालं. पण लिनक्स अजून आतल्या आत लिहितच असतं. आई पट्टी भरली रे भरली की पेनड्राइव्ह उपटायची, गेली कित्येक वर्षं ती तसंच करत आली होती, आणि फाइलीचं शेपूट आतच राहायचं. शेपटात डोळे. उपाय कुणा भल्या माणसानं इंटरनेटवर लिहिला होता: काळी खिडकी उघडायची, दोन ओळी टाइप करायच्या, थांबायचं, मग काढायचं.

भिंगरीनं काळी खिडकी उघडली. पांढरी अक्षरं पडली. तिच्यामागे आई आणि मावशी श्वास रोखून उभ्या. घुबडाला डोळे आले, आणि आई म्हणाली, "काय गं बाई हे! कुठून शिकलीस?"

आई असं कधी म्हणत नसे. आई म्हणायची पंखा बंद कर, डबा घासायला टाक, केस बांध. त्या एका वाक्यानं भिंगरी अशी काही फुलली की तिच्या तोंडून निघून गेलं, "इथं कुणी हात लावायचा नाही हं. एक अक्षर चुकलं तर सगळं जाईल. सगळ्या फाइली."

दोन आठवड्यांनी तिला दिसलं की पेनड्राइव्हच्या नावापुढेच एक इवलासा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की काळ्या खिडकीचं काही कामच नाही. सिस्टीम स्वतःच सांगते, आता काढा. पाच वर्षांच्या पोराला जमेल. भिंगरीनं ठरवलं, उद्या सांगू. ते उद्या काही उजाडलं नाही.

त्याऐवजी उजाडले ते फोन. शाळा सुटली की फोन. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक तोंडाशी नेला की फोन. सराव चालू असताना तर हमखास. रोज साडेचार ते सात त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, डाव्या कानाशी मशीनचा खडखडाट, समोर भिंत. पहिल्या आठवड्यात ती खुर्ची तिला सिंहासन वाटली होती. आता तिचा एक पाय किती लंगडतो, तेवढंच तिला ठाऊक होतं.

ती धापा टाकत दुकानात शिरली. तीन आंधळी घुबडं टेबलावर ओळीनं मांडली होती. आई स्टुलावर, हात मांडीवर.

"सुपरवायझर येऊन बसला होता," मावशी हळूच म्हणाली. "म्हणून तू काल करून ठेवलेल्या तीन फाइली ताईनं स्वतःच पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तो काढला. मी म्हटलं, थांब, भिंगरी येईल. तर म्हणते, मी काय अगदीच ठोंबी आहे का?"

"आहेच," आई म्हणाली. "पुढे?"

भिंगरीनं गपचूप तिन्ही फाइली पुन्हा घेतल्या, काळी खिडकी उघडली, दोन ओळी लिहिल्या. मशीन खडखडायला लागलं. मग तिनं वहीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

आईनं तो दोनदा वाचला. "दहा दिवस?"

"हो. गोलकीपर म्हणून. सातवं नाव होतं माझं, आई!"

आईचा चेहरा क्षणभर उजळला, अगदी खराखुरा, आणि तितक्याच पटकन मावळला. "आणि ही नावं कोण टाकणार? अजून शंभरावर बाकी आहेत. तुला तर ठाऊकच आहे."

"मी शिकवते ना! आत्ता. लिहून देते."

तिनं वहीच्या मधल्या पानावर चौदा पायऱ्या लिहिल्या. आईला खुर्चीत बसवलं. आईनं माऊस असा धरला, जणू तो चावेल. दुसऱ्या पायरीला आई चुकीच्या चौकटीकडे गेली, भिंगरीनं माऊस ओढून घेतला. "असं नाही, असं." चौथ्या पायरीला पुन्हा ओढला. पाचव्याला पुन्हा.

"तू शिकवतेयस कुठे?" मावशी कात्री न थांबवता म्हणाली. "तू करून दाखवतेयस. ते आम्ही चार महिने बघतोयच."

नाव टाकून झालं. फाइल झाली. पेनड्राइव्हवर गेली. आता अकरावी पायरी: काळी खिडकी. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हे मी नाही करणार."

"आई, दोनच ओळी आहेत."

"एक अक्षर चुकलं तर सगळं जाईल म्हणालीस. शाळांचे बिल्ले, हॉटेलाचे, सगळंच ना? जुन्या नक्ष्या माझ्याकडे दुसरीकडे कुठे नाहीत. तू इथं नसताना गेलं तर मी कुणाला हाक मारू?" तिनं कागद उचलून भिंगरीकडे सरकवला, रागानं नाही, अगदी हळू. "पुढच्या वर्षी जा गं. पुढच्या वर्षी असेलच की शिबिर."

भिंगरी तिथंच उभी होती. दार समोर होतं, काचेचं, उघडंसुद्धा होतं. पण बाहेर जायचं तर ते एक वाक्य बोलावं लागणार होतं. न बोलावं तर ही खुर्ची, ही भिंत, साडेचार ते सात. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष. तेरावी मुलगी रबरी मैदानावर, गोलमध्ये.

"सगळं जात नाही," ती म्हणाली.

"काय?"

"एक अक्षर चुकलं तर काही होत नाही. ते नुसतं म्हणतं, समजलं नाही. आणि... काळी खिडकी लागतच नाही. हा बाण आहे ना, इथं. ह्यावर क्लिक करायचं. मग थांबायचं. ते सांगतं, काढा म्हणून. बस."

मावशीची कात्री थांबली.

"कधीपासून आहे हा बाण?" आईनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"तुला कधीपासून माहीत?"

भिंगरीनं मनात तारखा जरा इकडेतिकडे करून पाहिल्या. जमेना. "तीन महिने."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तीनदा टाळलं. तू साडेचारला येणार, मग फाइली होणार, मग मशीन लावणार, तोवर डॉक्टर उठून जायचा. आणि मी मावशीला म्हणायचे, माझ्याच डोक्यात शिरत नाही, वय झालं."

"आई..."

"बाहेर हो."

"अगं, ताई..." मावशी म्हणाली.

"बाहेर, रस्त्यावर. मी एक बिल्ला काढते. एकटीनं. नाव टाकण्यापासून. डोळ्यांसकट निघाला तर सही करीन. नाही निघाला तर नाही. आणि तू," आई मावशीकडे वळली, "हिला आत येऊ द्यायचं नाही."

काचेचं दार मिटलं. मावशी आतून दाराला पाठ लावून उभी राहिली, एखाद्या रखवालदारासारखी, फक्त हातात कात्री.

भिंगरी फुटपाथवर. मावशीच्या खांद्यावरून पडदा दिसत होता, अर्धाच. आईनं नाव टाइप केलं. एका बोटानं, प्रत्येक अक्षराला मान खाली, मान वर. मग तिनं फाइलींची यादी उघडली आणि भिंगरीनं कपाळावर हात मारला. यादीत फाइलींची नावं तिनंच दिली होती: 'घुबड', 'घुबड नवीन', 'घुबड शेवटचं', 'घुबड खरंच शेवटचं'. माऊसचा बाण 'घुबड नवीन'वर गेला. ते चाचणीचं होतं, दुप्पट मोठं!

"ते नाही! खालचं!" ती काचेवर थापा मारत ओरडली. एक सायकलवाला थांबून बघायला लागला. मावशीनं मागे वळून तोंडावर बोट ठेवलं आणि आडवी सरकून उरलेला अर्धा पडदाही झाकून टाकला.

आता काहीच दिसेना. बॉल येतो तेव्हा निदान हात तरी हलवता येतात. इथं हात होते, आणि ते नुसते लोंबत होते. आईनं पेनड्राइव्ह काढला का? बाण दाबला का? थांबली का? थांबणं हे आईच्या स्वभावातच नव्हतं. ती उतू जाणाऱ्या दुधाला दटावणारी बाई.

आत सगळं गप्प होतं. फार वेळ गप्प होतं. मग मशीन सुरू झालं.

ढाल. घुबड. मोठं असल्यानं वेळही दुप्पट. सायकलवाला कंटाळून गेला. दोरा बदलल्याचा ठक् आवाज, मग नाव, ते बारीक तुटक खडखडणं. मग मशीन थांबलं.

भिंगरीनं डोळे मिटले. इथंच थांबायचं ते नेहमी.

ठक्. आणि पुन्हा खडखड. थोडीशी. दोन डोळ्यांपुरती.

दार उघडलं. आईच्या हातात घुबड होतं, पंजाएवढं, कुठल्याही पहारेकऱ्याच्या दंडावर न मावणारं, पिवळे डोळे बटाट्याच्या कापांएवढे. दोरे अजून लोंबत होते. आईच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

भिंगरीनं तोंड उघडलं.

"मोठं आलंय," आई म्हणाली. "दिसतंय मला. यादीत वरचं घेतलं, खालचं घ्यायला हवं होतं. उद्या लहान काढीन. आणि ती नावं मी बदलणार आहे, 'खरंच शेवटचं' म्हणे! डोळे आहेत ना?"

"आहेत."

"मग आण तो कागद."

सही तिनं दाराच्या काचेवर कागद टेकवून केली. पेन काचेवर नीट चालेना, तरी शेवटच्या अक्षरापर्यंत गिरवून गिरवून केली. कागद देताना म्हणाली, "डॉक्टरकडे परवा जाणार आहे मी. संध्याकाळी. तू परत येशील तेव्हा माझ्याशी हे खोटं कशाला बोललीस ते मला सांगायचं. आज नको. आज मी चिडलेय."

"आई, मी थोडा वेळ बसू का? उरलेली नावं..."

"नको. सोळा राहिलीत, ती मी टाकते. वेळ लागेल, लागू दे."

आई आत गेली. मावशीनं भिंगरीकडे बघून डोळा मिचकावला आणि तीही गेली. खुर्चीचा लंगडा पाय फरशीवर वाजला, मग एका बोटानं चाललेलं टाइपिंग, एक अक्षर, बराच वेळ काही नाही, पुन्हा एक अक्षर.

पावणेसहा वाजले होते. बाहेर चक्क ऊन होतं. भिंगरी कागद छातीशी धरून फुटपाथवर उभी राहिली. मैदानावर जावं की घरी, तिला ठरवता येईना, आणि आत कुणी तिला हाक मारत नव्हतं.