ताईच्या जागी वाळूचे पोते

मित्रांनो, मोटारसायकलच्या एका अंगाला जोडलेली, एकाच चाकाची, होडीसारखी बैठक तुम्ही कधी पाहिली आहे का? तिला साइडकार म्हणतात. मी तशीच एक जुनी साइडकार आहे. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. सुरुवातीची वर्षे मी एका बेकरीवाल्याचे पाव वाहिले. मुले माझ्या मागे पळत, आणि मी भलतीच तोऱ्यात असे. मग बेकरीवाल्याने टेम्पो घेतला आणि मी शेडमध्ये जाऊन पडले. एका मांजरीने माझ्यात पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. मी अर्धवट झोपेत रस्त्यांची स्वप्ने बघत असे. त्या रस्त्यांना शेवट नसे.

एके दिवशी चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाने मला विकत घेतले, ते त्याच्या ताईसाठी. ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे लोकांचे परदेशचे फोन जोडून दिले होते. स्वतः मात्र ती कधी गावाबाहेर गेली नव्हती. सीमेपलीकडच्या एका ऑपरेटरबाईंशी तिची नुसत्या आवाजावर मैत्री जडली होती. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, "एकदा तिचं तोंड बघायचंय रे मला." तिचे गुडघे दुखत, त्यामुळे मागच्या सीटवर बसणे तिला जमत नसे. म्हणून माझे नशीब उघडले.

तयारीत कमी का गोंधळ झाले! ताईने दोघांचे पासपोर्ट इतके जपून ठेवले की तिचे तिलाच सापडेनात. शेवटी ते चादरींच्या घडीत निघाले. चष्मेवाल्याने मला नवा निळा रंग दिला आणि वाळायच्या आधीच तो माझ्यात बसून पाहू लागला. मागून निळ्या झालेल्या पॅंटने तो दोन दिवस दुकानात उभ्यानेच काम करत होता. मग सराव सुरू झाला. ताईच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून त्याने ते माझ्यात ठेवले. पण त्याची नजर सारखी पोत्याकडे जाई. एकदा तर आम्ही थेट लॉंड्रीच्या पाटीवर जाऊन आदळलो. माझे पोचे काढताना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नजर जिकडे, गाडी तिकडे. बाजूला बघायचंच नाही." चष्मेवाल्याने ते मनावर घेतले.

निघायची पहाट धुक्याची होती. पोते काढायचे तो घाईत विसरला होता. ताईने आपली पिशवी आणि हेल्मेट पोत्यावर ठेवले आणि गॅस बंद आहे ना, हे तिसऱ्यांदा बघायला ती आत गेली. मला बसलेला हिसका त्याला जाणवला. ताई बसली, असे समजून त्याने गाडी सोडली. मी खूप कुरकुरले, पण साइडकारची कुरकुर कोण ऐकतो?

धुक्यातून आम्ही जणू तरंगत होतो. झाडे जवळ येत, विरघळत. अशा वेळी मनात साठलेले आपोआप ओठांवर येते. समोर बघतच तो बोलू लागला. "ताई, आई गेली तेव्हा तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस. तुला बघायला आलेल्या माणसाला म्हणालीस, आधी भाऊ मोठा होऊ दे. मी दाराआडून ऐकलं होतं गं. मोठा झालो, पण तुला कधी बोललो नाही."

पोते गप्प. ताई मन लावून ऐकते आहे, असे त्याला वाटले. त्याने डोळे पुसले.

दोन तासांनी सीमेची चौकी आली. अधिकाऱ्याने दुसरा पासपोर्ट मागितला.

"ताई, दाखव गं."

अधिकाऱ्याने हेल्मेट उचलले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, या बाईंचा फोटो काही जुळणार नाही."

त्याने तिथूनच गाडी घराकडे वळवली.

ताई पायरीवर बसली होती, पायात प्रवासाचे बूट. "आलास? पोत्याला परदेश दाखवून?" ती म्हणाली आणि बुटाची नाडी सोडू लागली. "मी नाही येत आता. मी असले काय न् नसले काय, तुला कळतसुद्धा नाही."

"ताई, मी रस्ताभर तुझ्याशीच बोलत होतो."

"काय बोलत होतास?"

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. मला बोलता आले असते तर मी सगळे घडाघडा सांगितले असते. पण ते त्याचे त्यानेच सांगायचे होते. त्याने हेल्मेट काढले, खालच्या पायरीवर बसला आणि तिच्याकडे बघून बोलू लागला. या वेळी वाक्ये तुटत होती. कॉलेजचे आधी की आईचे आधी, याचा मेळ नव्हता. ताई ऐकत राहिली. मग ती म्हणाली, "दाराआड होतास होय रे?" आणि तिने सोडलेली नाडी पुन्हा बांधली.

त्या दुपारी आम्ही सीमा ओलांडली. पोते एका जागी दगडासारखे बसते. ताई मात्र वळणावर माझी कड घट्ट धरत होती, हसत होती, माणसांना हात करत होती. शेडमध्ये पडून मी इतके सुखाचे स्वप्न कधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल, गंज मी सोसला आहे. पण तुमच्यासाठी कुणी काही सोडून दिले असेल, तर त्यांच्या तोंडाकडे बघून ते एकदा सांगा. वाक्ये तुटली तरी चालतील.