राणीतळ्याचा काठ

ज्या माणसाने तळं फक्त वैशाखात पाहिलंय, त्याला तळ्याचा काठ ठरवायला बसवू नये. एवढी साधी गोष्ट, पण ती आमच्या नगरपालिकेला सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले.

आमचं गाव पाचोऱ्याहून जळगावकडे जाताना सडकेपासून जरा आत आहे. गावाला लागूनच राणीतळं. भाद्रपदात त्याचं पाणी थेट रस्त्याच्या दगडी पाळीला टेकतं. दिवाळीनंतर ते मागे सरायला लागतं आणि चैत्र येईस्तोवर चारशे-पाचशे फूट आत गेलेलं असतं. मागे काळाशार मऊ गाळ उरतो. त्या गाळात गावातली अकरा घरं डांगरवाड्या लावतात. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. सगळ्यांत मोठी वाडी झुंबरबाईची. नवरा गेल्यापासून ती एकटीच राबते आणि त्या चार महिन्यांच्या पिकावर तिच्या घरची वर्षभराची चूल पेटते. दुसरी जमीन तिला टिचभरही नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात धुळ्याहून एक मोजणीवाले साहेब आले. डोक्यावर टॉवेल टाकून तळ्याच्या आत उतरले, पाणी होतं तिथे खुणा ठोकल्या, झुंबरबाईचं एक डांगर खाल्लं, गोड आहे म्हणाले आणि निघून गेले. त्या खुणांवरून नकाशा झाला, नकाशावरून तळ्याकाठच्या बांधकामाचे नियम झाले. तळ्याच्या काठापासून शंभर फूट बांधकामाला बंदी. वाचायला किती छान वाटतं! पण काठ कोणता, तर त्या खुणांचा. म्हणजे खुणांपासून सडकेपर्यंत जेवढा गाळ उघडा पडतो, तो शंभर फूट सोडून बाकी सगळा 'रिकामी जागा'. तिथे भराव टाकून दुकानं आणि उपाहारगृह काढायचं घाटत होतं.

नागरिकांनी साठ दिवसांत हरकती व सूचना द्याव्यात, अशी नोटीस निघाली. निघाली कुठे, तर आमच्या गावात ज्याचा एकही अंक येत नाही अशा एका पेपरात. मला कळलं तेव्हा एकोणीस दिवस उरले होते. नकाशा पाहायला पालिकेत गेलो, तर तो कपाटात, कपाटाची किल्ली हिलाल कारकुनाकडे आणि हिलाल मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलेला. चौथ्या खेपेला हिलाल भेटला तर म्हणतो, "गुरुजी, नकाशा तीन ते चारमध्येच दाखवतात." घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हाच हिलाल माझ्या हाताखाली तिसरीत दोनदा बसला होता. तेव्हाच त्याला तिसऱ्यांदा बसवायला हवं होतं.

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. निवृत्त झालो तरी गावातले अर्ज-विनंत्या माझ्याच हातून लिहिल्या जातात. मी माझी हरकत लिहिली: तळ्याचा काठ म्हणजे भाद्रपदातलं पाणी जिथे पोचतं ती रेषा. तीच धरा. मग सडकेपर्यंत सगळं तळंच ठरतं आणि तिथे कुणाला वीटही ठेवता येत नाही. चार पानी हरकत होती. अजूनही सांगतो, तिच्यात एक ओळ चुकीची नव्हती.

ती वाचून दाखवली तेव्हा झुंबरबाई माझ्या ओट्याच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "गुरुजी, तळं म्हनी लिखी दिधं, ते मंग आमी डांगरं कोठे लावूत?"

प्रश्न बरोबर होता. पण मी दिवसभर पालिकेत ताटकळून आलेलो, माझं डोकं आधीच तापलेलं. म्हणालो, "पाण्याचं मी बघतो, तू त्यात पडू नकोस. तू तुझी वेगळी हरकत दे. एकच गोष्ट सांगायची: ही आमची कसलेली जमीन आहे, पिढ्यानपिढ्यांची, ती आमच्याकडून काढू नका. दुसरं अक्षर बोलायचं नाही. साहेबलोकांसमोर माणूस फाटे फोडायला लागला की ते त्यालाच घोळात घेतात." आणि तिची हरकत मीच लिहिली. खाली अकरा अंगठे उठवले. तिच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं.

सुनावणी तीनदा पुढे ढकलली. एकदा पालिकेच्या सभापतींच्या घरी लग्न, एकदा साहेबांची जीप नादुरुस्त, तिसऱ्यांदा तर कारणच नाही. अखेर अठ्ठ्याऐंशीच्या ज्येष्ठात मुहूर्त लागला. तळ्याने तळ गाठला होता. खिडकीतून पाहिलं तर सडकेपासून लांबवर नुसती भेगाळलेली जमीन. बरोब्बर असाच महिना ह्यांना सापडतो!

झुंबरबाईचा नंबर तिसरा, माझा चौदावा. ती धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. सभापतींच्या शेजारी धुळ्याचे साहेब बसले होते. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू. त्यांनी विचारलं, "बाई, ही जागा तळं आहे की जमीन?"

"जमीन शे साहेब. बठ्ठी आमनी कसेल जमीन शे. मना सासराना आगोदरपासून."

"नक्की? तिथे पाणी नसतं?"

ती घुटमळली. "भादवामा ते तठे..." असं म्हणत तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय केलं? वर्गात पोरांसमोर करायचो तेच केलं. तोंडावर बोट ठेवलं.

तिने पुन्हा साहेबांकडे तोंड केलं. मग मान सरळ करून शिकवल्याप्रमाणे पुन्हा म्हणाली, "जमीन शे साहेब." साहेबांनी हिलालला सांगितलं, लिहून घ्या. हिलालने लिहून घेतलं. मला वाटलं, शाबास, पोरगी हुशार निघाली. पोरगी म्हणजे पन्नाशीची बाई, पण मला तेव्हा तसंच वाटलं.

माझा नंबर आला तोवर दुपार टळली होती. मी चार पानं उघडली, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचलो आणि साहेबांनी हात वर केला. "गुरुजी, तुम्ही म्हणता हे तळं. जे तिथे पिढ्यानपिढ्या कसतात ते सांगतात जमीन. तुम्ही तिथे कसता का?"

मी उखडलो. तुम्हाला भाद्रपद ठाऊक आहे का, विचारलं. तळं बघायचं तर पाणी असताना यावं, डांगरं खायला येऊ नये, म्हणालो. सगळे हसले, साहेबही हसले. मला बाहेर नेऊन बसवलं आणि हिलालने माझ्यासाठी चहा मागवला. घरी येईपर्यंत मी सगळ्यांना शिव्या घातल्या. पालिका, सभापती, हिलाल, धुळ्याचे साहेब, एकालाही सोडलं नाही. फक्त एक नाव यादीत यायचं राहून गेलं होतं, ते मला भाद्रपदापर्यंत कळलं नाही.

निकाल भाद्रपदात आला. दोन लिफाफे, एक माझा, एक झुंबरबाईचा. माझ्यात एकच ओळ: हरकत अमान्य. ती तिचा लिफाफा न फोडता पदरात धरून ओट्यावर आली. हिलालने तिला वाटेतच सांगितलं होतं की तुझी हरकत मान्य झाली. तिचा चेहरा फुलला होता. "आपन जितनूत का, गुरुजी?"

मी वाचत गेलो. सदर क्षेत्र तलाव नसून जमीन असल्याचे हरकतदारांचे म्हणणे मान्य करण्यात येत आहे. हरकतदारांच्या कबुलीवरून मोजणीची रेषा योग्य ठरते. सदर जमीन नगरपालिकेच्या मालकीची असल्याने यापुढे लागवडीस परवानगी देता येणार नाही. भराव व दुकानांचे काम दिवाळीनंतर सुरू करण्यात येईल.

पाणी त्या दिवशी सडकेच्या पाळीला लागलं होतं. सरकारदरबारी तिथे कोरडी जमीन होती आणि तसं आमच्या माणसांनी अंगठे उठवून सांगितलं होतं. माझ्या अक्षरात.

मला ते तिला समजावून सांगायला बराच वेळ लागला. एकेक वाक्य मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगताना माझाच आवाज मला परका वाटायला लागला. तिने एकदाही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, चूक माझी आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू काही हिशोब जुळत नाही असं.

"मी ते तुम्ही सांगं तेच बोलनू, गुरुजी," ती म्हणाली. "भादवानं सांगाले गऊ ते तुम्हीच तोंडवर बोट ठेवं ना?"