अकरा नंबरची विहीर

बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून बेलाने ती विहिरीत सोडली. बुडाला दगड बांधला होता म्हणून बाटली सरळ खाली गेली, पाण्याला टेकून कलंडली आणि बुडबुड करत भरली.

"ओढ ना लवकर," विनी कठड्याला टेकून गल्लीवर डोळा ठेवून होती. "सर आले तर आपली वरात थेट हेडमास्तरांपर्यंत."

"सर दहावीवर आहेत. जोड तास. वेळापत्रक बघून आलेय मी."

"तू ना, चोर व्हायला पाहिजे होतीस."

"पाणी तर नेतेय. त्यांची कोंबडी नाही नेत."

बाटली वर आली. खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडून काढलेली. बेलाने बूच दाबून बसवलं आणि तिच्यावर डिंकाने कागदाचा तुकडा चिकटवला. त्यावर आकडा होता अकरा. मग तिने बाटली उन्हात धरली. पाणी नितळ होतं, पण बेलाला त्यात मीठ दिसतच होतं.

विहीर फुर्ट्याडो सरांची होती. भुईगावातली सगळ्यात मोठी, आत उतरायला पायऱ्या असलेली, कडेला पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिन. तिच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, पहिलीच वाडी तुस्कानोंची, म्हणजे बेलाची.

गेल्या वर्षी, आठवीच्या सहामाहीत, सरांनी विज्ञानाच्या पेपरात विचारलं होतं, विहिरीचे पाणी चवीला कसे असते? बेलाने लिहिलं, खारट. घरी वर्ष झालं होतं, साबणाला फेस येत नव्हता, डाळ शिजायला अर्धा दिवस लागत होता आणि आई प्यायचं पाणी चर्चच्या विहिरीवरून डोक्यावरून आणत होती. मग दुसरं काय लिहिणार?

सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला.

"समुद्राचे पाणी खारट, विहिरीचे गोड. पाचवीतलं पोर सांगेल. या तुस्कानोबाई रोज सकाळी विहिरीत मीठ टाकून येतात बहुतेक."

वर्ग खिदळला. बेला उभी राहिली. "सर, आमच्या विहिरीचं..."

"पुस्तकात तुमची विहीर आहे का?"

"नाही, सर."

"पूर्ण वाक्यात."

"पुस्तकात आमची विहीर नाही, सर."

शून्य. आणि त्या दिवसापासून ती वर्गाची 'मिठागर' झाली. मधल्या सुट्टीत पोरं डबा पुढे करायची, "ए मिठागर, भाजी अळणी झालीय, जरा बोट बुडव ना." बेला रडली नाही. रडणं तिला परवडणारं नव्हतं, कारण तिला एक गोष्ट हवी होती आणि त्यासाठी डोकं थंड ठेवायचं होतं. याच माणसाने, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने तिचं उत्तर म्हणायचं. बस, एवढंच.

नववीला विज्ञान शिकवायला कॅथरिन टीचर आल्या. नुकतंच बी.एड. झालेल्या, अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. त्या फळ्यापाशी उभ्याच राहायच्या नाहीत. मागच्या बाकावर ॲन्सेल्मला सरकवून बसायच्या आणि पोरांना पुढे पाठवायच्या. पहिला आठवडाभर सगळ्यांची खात्री होती की बाईंना काही येत नाही. काहीही विचारलं की उलटा प्रश्न, "तुला काय वाटतं? कशावरून?"

"टीचर, उत्तर सांगायचाच पगार मिळतो ना तुम्हाला?" ॲन्सेल्मने एकदा तोंडावर विचारलं.

"नाही रे बाबा. तुझ्याकडून काढून घ्यायचा मिळतो. तो जास्त असायला हवा."

ऑक्टोबरमध्ये एकदा बेला म्हणाली, "टीचर, सगळ्या विहिरी गोड नसतात." म्हणाली आणि हसणं ऐकायला खांदे आवळून बसली. टीचर हसल्या नाहीत.

"कशावरून?"

"आमची चाखून बघा."

"एकाच विहिरीवरून?"

असं ते अकरा विहिरींवर गेलं. टीचरनी प्रयोगशाळेतून तपकिरी बाटली काढली. सिल्व्हर नायट्रेट. पाण्यात मीठ असेल तर दोन थेंबांत पांढरं होतं, जास्त असेल तर जास्त पांढरं. पोरं गावभर पांगली. टीचरची एकच अट, चार्टवर मालकांची नावं नकोत, नंबर लिहायचे. बेलाने मान डोलावली. नंबरावरून माणूस ओळखता येतो, हे तिने मनातच ठेवलं.

पण अकरा नंबरच्या पाण्यात दोन थेंब पडले आणि काहीच झालं नाही. नुसती धुक्यासारखी एक रेघ हलली.

"घ्या!" ॲन्सेल्म ओरडला. "सरांची विहीर तर सरबत निघाली, मिठागर!"

बेलाचे कान तापले. "टीचर, औषध बिघडलंय."

"मग तुमच्या घरच्या पाण्यात टाकून बघ."

टाकलं. नासलेल्या दुधासारखं झालं. औषध बरोबर होतं. बेलाने टीचरकडे बघितलं, आता तरी त्या काही सांगतील. कॅथरिन टीचर नळी उजेडात धरून बघत होत्या, जणू त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होतं.

"बाटली कुठपर्यंत सोडली होतीस?"

"पाण्यापर्यंत."

"आणि विहीर कुठपर्यंत आहे?"

बेलाने दोरी किती सुटली होती ते मनात मोजलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

"आणखी एक," टीचर म्हणाल्या. "मालकाला विचारलं होतंस?"

बेलाने खाली बघितलं.

"मग ही बाटली आपली नाही. ओतून टाक. विचारून आण."

त्या संध्याकाळी फुर्ट्याडो सर ओट्यावर पेपर वाचत होते. बेलाने इतक्या गोड आवाजात विचारलं की शेजारी उभ्या विनीला ठसका लागला.

"घे की," सर म्हणाले. "सबंध गावात असं पाणी मिळायचं नाही. तुमच्या त्या टीचरला म्हणावं, चहा करून प्या. आणि दोरी लागली तर शेडमधून घे, तुझ्या त्या सुतळीचं काही खरं नाही."

यावेळी बुचालाही वेगळी दोरी होती. बंद बाटली तळाला टेकली, मग बेलाने हिसका देऊन बूच उपटलं. वरचं गोड पाणी वरच राहिलं आणि बाटलीत तळाचं शिरलं. इंजिनाचा पाइप जिथून पाणी ओढायचा, तिथलंच.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोन थेंब पडले आणि दह्यासारख्या कवड्या खाली बसल्या. औषध लागून बेलाची दोन बोटं काळी पडली होती. ती तिने आठवडाभर लपवली नाहीत.

सगळ्या अकरा विहिरींचं पाणी नव्याने, तळापासून काढावं लागलं. मग चार्ट झाला. जेवढं मीठ तेवढं मोठं वर्तुळ, असं ठरलं, आणि वर्तुळं काढता काढता भांडणं सुरू झाली. समुद्राजवळची वर्तुळं मोठी असायला हवीत, मग नऊ नंबर लांब असून मोठा का? चार नंबर किनाऱ्याला असून लहान का? टीचर मागच्या बाकावरून फक्त "कशावरून?" एवढंच म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी विनीने पेन्सिल ठेवली.

"सगळी मोठी वर्तुळं अकराच्या भोवती आहेत. इंजिन खालचं गोड ओढून घेतं आणि रिकाम्या जागेत समुद्र येतो."

इंजिन बसल्याला दोन वर्षं झाली होती. बेलाच्या घरी डाळ शिजेनाशी झाली त्यालाही दोन.

म्हणजे शून्य ज्याने दिलं, मीठही त्यानेच घातलं होतं. बेलाला इतका आनंद झाला की तिला बाकावर बसवेना.

घरी जाताना विनी म्हणाली, "पण तुझ्या पप्पांची केळी त्याच इंजिनवर आहेत ना? मंगळवार-शुक्रवार तुमची पाळी."

"मग?"

"मग काही नाही. आपलं म्हटलं."

नाताळच्या सुट्टीआधी पालकांचा दिवस होता. नववीचा चार्ट हॉलमध्ये लागणार होता आणि समजावून सांगायला कोणीतरी हवं होतं. बेलाने वहीच्या पानावर नऊ प्रश्न लिहून टीचरना दाखवले. टीचरनी ते दोनदा वाचले.

"उत्तरं कुठेत?"

"उत्तरं मी सांगणारच नाही, टीचर. तुमच्यासारखं."

"कोणाला विचारणार?"

"जो पुढे येईल त्याला."

टीचर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पान परत दिलं. "तास तुझा. मी मागे बसते."

हॉल भरला होता. वाड्यांवरून थेट आलेली माणसं, धुतलेले पाय आणि इस्त्रीचे शर्ट, पोरं कडेवर घेतलेल्या बायका. हेडमास्तर फादर पुढच्या खुर्चीत. तिसऱ्या रांगेत बेलाचे पप्पा, क्लेमेंट तुस्कानो, मांडीवर टोपी ठेवून ताठ बसलेले, मुलगी स्टेजवर म्हणून कोणी बघतंय का ते बघत.

"मला एक मदतनीस हवा," बेला म्हणाली. "फुर्ट्याडो सर, याल का?"

टाळ्या पडल्या. सर कोटाचं बटण लावत वर आले, खूश होते.

"सर, सगळ्यात लहान वर्तुळ कुठलं?"

"चार नंबर."

"ते समुद्राजवळ आहे की लांब?"

"जवळ. अरे, हे उलटं कसं काय?"

"कसं, सर? तुम्हाला काय वाटतं?"

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. सरही हसले. तिसऱ्या प्रश्नापर्यंत ते परीक्षकासारखे उत्तरं देत होते. पाचव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. सातव्याला त्यांचं बोट एका मोठ्या वर्तुळावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलं आणि मध्ये येऊन थांबलं.

"अकरा नंबरला असं काय आहे, सर, जे बाकी दहांना नाही?"

नववीची सगळी पोरं भिंतीला चिकटून उभी होती. एकही हलत नव्हतं. सरांनी टेबलावरची अकरा नंबरची बाटली उचलली, वास घेतला, हलवून बघितली.

"हे तळाचं आहे?"

"हो सर. तुमच्याच दोरीने काढलंय."

त्यांनी तिच्या हातातून तपकिरी बाटली घेतली आणि स्वतः दोन थेंब सोडले. कवड्या सावकाश खाली जाईपर्यंत ते वाकून बघत राहिले. हॉल आहे, माणसं आहेत, ते विसरलेच होते.

"इंजिन," ते हळूच म्हणाले.

"पूर्ण वाक्यात, सर."

आता कोणी हसलं नाही.

"माझ्या इंजिनामुळे आजूबाजूच्या विहिरी बिघडल्या आहेत."

"म्हणजे विहिरीचं पाणी चवीला कसं असतं, सर?"

हा नववा. बेलाने हा प्रश्न घरी मागच्या दारी तीस-चाळीस वेळा म्हणून बघितला होता. वर्षभर तिने या क्षणी सरांचा चेहरा कसा होईल ते ठरवून ठेवलं होतं.

"खारट," सर म्हणाले. "विहिरीचं पाणी खारट असतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. लाज नाही, आठवण नाही. ते अजून नळीकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि डोळे लकाकले.

"काय शोधून काढलंयस गं, तुस्कानो! आठवीला माझ्याकडेच होतीस ना? पहिल्यापासून हुशार ही पोरगी, फादर. मी तेव्हाच ओळखलं होतं."

बेलाच्या तोंडात शब्द होते, पेपराची तारीखसुद्धा होती. पण सर हॉलकडे वळले होते. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा मोठा झाला.

"उद्यापासून इंजिन बंद. मी चालवणार नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. एक खुर्ची करकरली. मागून कोणीतरी म्हणालं, "बंद म्हणजे?" दुसरं कोणी म्हणालं, "आणि आमची केळी? राजेळीला घड लागलेत, सर." एक म्हातारे उभेच राहिले, "पोरांच्या चित्रावरून इंजिन बंद करनार का?" मग चार वाड्यांची माणसं एकदम बोलायला लागली. नऊ प्रश्नांचं पान बेलाच्या हातात दमट झालं होतं.

तिने शेवटच्या रांगेकडे बघितलं. कॅथरिन टीचर दोन आजोबांच्या मध्ये बसल्या होत्या, हात मांडीवर, तिच्याचकडे बघत. त्या उठल्या नाहीत. मान हलवून हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

"एकेकाने बोला," बेला म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "एकेकाने. हात वर करा."

हॉल हळूहळू शांत झाला. सर बाजूला सरकून उभे राहिले. सगळ्यात आधी वर गेलेला हात पप्पांचा होता, टोपी धरलेला.

बेलाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दुसरा एखादा हात मिळतो का ते शोधलं. मग पान उलटं करून टेबलावर ठेवलं.

"हं," ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेतले. बोला."