घाटमाथ्यावरची प्रार्थना

बांबवडे सोडलं तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि माझी पाठ तेव्हाच दुखायला लागली होती. रस्ता रुंद करायचं काम अजून चालूच आहे. एका बाजूला खोदलेली लाल माती, दुसऱ्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि मधून वाट काढणारी आमच्या ख्रिस्ती मंडळीची जुनी जीप.

दर वर्षी नोव्हेंबरात आम्ही कोल्हापूरच्या चर्चचे सेवक असे निघतो. रत्नागिरीच्या अलीकडे समुद्राजवळ एक बंगला आहे, तिथं आमचं चार दिवसांचं एकांत शिबिर असतं. वर्षभर गावोगाव प्रभूचं वचन सांगत फिरणाऱ्यांनी चार दिवस शांत बसावं, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात तिथं पुढच्या वर्षाची कामं वाटली जातात.

या वेळी गाडीत आम्ही पाच जण होतो. गाडी चालवणारा सयाजी मंडळीतला नव्हे, पण बारा वर्षं आम्हांला नेतो-आणतो. पुढच्या सीटवर आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब शांतवन. वय चाळिशीचं. लहानपणी ते माझ्याच रविवारच्या वर्गात बसत. मागे मी आणि मीनाक्षीबाई. बाई माझ्याच वयाच्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रार्थना करण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलं. त्यांच्या पलीकडे मोना, वारणानगरची पोर, जूनमध्येच सेवेत आलेली.

"गुरुजी, पाय लांब करा की," सयाजी म्हणाला. "मलकापूरपतूर असंच हाय बघा हे. हाडं मोजत जायचं."

"माझी मोजून झाली," मी म्हणालो. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी हुपरीचा वर्ग सोडणार होतो. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी सकाळी मी एसटीने हुपरीला जातो. घरोघरी पैंजण घडवणारं गाव ते. कामाला लागलेल्या आया आपली मुलं माझ्याकडे तासभर पाठवतात. सगळी आमच्या मंडळीतली नसतात. मी गोष्ट सांगतो, गाणं घेतो, वेळ उरला तर पाढे म्हणवून घेतो. यातलं काही मला कधी ओझं वाटलं नव्हतं.

पण तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अनुजा नावाच्या एका मुलीने तीच शंका तिसऱ्यांदा विचारली आणि मी तिच्यावर ओरडलो. खेकसलोच. पोर रडली नाही, नुसती मागे सरकून बसली. त्यानंतर तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणीच विचारलं नाही. प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यापासून मी स्वतःला बजावलं होतं, ज्या दिवशी मुलांचा प्रश्न नकोसा होईल त्या दिवशी खडू खाली ठेवायचा. तो दिवस येऊन गेला होता आणि मी अजून एसटी पकडत होतो.

याआधीच्या तीन शिबिरांतही मी हेच सांगायचं ठरवून गेलो होतो. तब्येतीचं कारण पुढे केलं. दर वेळी पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि आमेन होईपर्यंत माझं एक वर्ष वाढलेलं असायचं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. आमच्यात अशीच रीत आहे. माणसाने देवापुढे मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणायला जीभ वळत नाही.

या खेपेला मी फक्त मीनाक्षीबाईंना सांगितलं होतं. "तुमच्यापाशीच ठेवा. प्रार्थनेत आठवण असू द्या." शेवटचं वाक्य मी सवयीने बोललो, आणि चूक झाली ती तिथंच.

मलकापूरला चहा झाला. तिथून पुढे गर्दी कमी झाली, झाडी दाट झाली, हवा गार झाली. आंबा गावाच्या पुढे घाटमाथ्यावर सयाजीने नेहमीसारखी गाडी कडेला घेतली. समोर कोकण उघडं पडलं होतं. एकामागे एक डोंगर, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका. मोना पहिल्यांदाच बघत होती. "आई गं!" म्हणून तिने काच खाली केली. मला डोळे उघडे ठेवणंही जड झालं होतं.

घाट उतरायच्या आधी प्रार्थना करायची, हा आमच्या मंडळीचा जुना नेम. सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकेकाने बोलायचं आणि दुसऱ्याचं चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही.

मीनाक्षीबाईंनी सुरुवात केली. "हे दयाळू पित्या, घाटात आम्हांला सांभाळ. सयाजीच्या हाताला बळ दे. आणि आमच्या गुरुजींनाही दे. हुपरीचा वर्ग सोडायचं त्यांनी ठरवलंय, हे तुला ठाऊक आहे. पाळकसाहेबांना कसं सांगू, या काळजीनं त्यांना झोप लागत नाही. प्रभू, तूच मार्ग मोकळा कर."

मी डोळे उघडले. बाईंचे घट्ट मिटलेले होते. प्रार्थना करताना त्यांच्या लेखी देवाखेरीज कुणीच ऐकत नसतं. समोर पाळकसाहेबांची मान ताठ झालेली दिसली.

"आमेन," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता पाळकसाहेबांची पाळी होती. "हे प्रभू," ते सावकाश म्हणाले, "थकलेल्यांना तू नवं बळ देतोस. तुझ्या या वृद्ध सेवकाला आणखी एक वर्ष बळ दे. त्याचा भार हलका व्हावा म्हणून तू आमच्या मोनाला तयार करतो आहेस. पुढच्या वर्षी ती त्याच्याबरोबर जाईल आणि मग ते काम पुढे नेईल, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो."

मोनाने खाडकन डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला चांगला ओळखीचा वाटला. तीन वर्षं मी तसाच बसलो होतो.

तिची पाळी आली. "प्रभू, घाटातनं नीट ने. आमेन," एवढंच ती म्हणाली.

"आमेन!" सयाजीने किल्लीला हात घातला.

"थांब, गुरुजी राहिलेत," पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणाले.

एक ट्रक गेला, जीप हलली. मला चार शब्द जुळवता आले असते. एवढ्या वर्षांत तेवढं जमतं. पण माझं बोलून झालं की विषय देवाकडे जाणार होता, आणि परत कामांच्या यादीत माझंच नाव येणार होतं.

"शांतवन," मी म्हणालो, "डोळे उघड."

पंधरा-वीस वर्षांत मी त्यांना असं नावाने हाक मारली नव्हती. त्यांनी डोळे उघडले. वळून पाहिलं.

"त्या पोरीला विचार. देवाला नको, तिला."

"गुरुजी, मी तिच्यावर जबरदस्ती करत नाही. नुसतं..."

"मग विचार की."

पाळकसाहेब तिच्याकडे वळले. "मोना, हुपरीचा मुलांचा वर्ग घेशील?"

"न्हाय," मोना म्हणाली. मग घाबरून पुढे म्हणाली, "सर, बायकांत बसवा, दवाखान्यात पाठवा, कुठंबी जाते. बारकी पोरं न्हाई जमत मला. माझा आवाज लगीच चढतोय. आमच्या घरातली पोरं भितात मला."

"शिकशील हळूहळू. गुरुजी आहेत ना वर्षभर."

"गुरुजी न्हाईत की," सयाजी समोर बघत म्हणाला. "आत्ताच ऐकलं न्हवं आपण?"

मग पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, या वेळी सरळ माझ्या डोळ्यांत बघून. "खरंच जमणार नाही, गुरुजी? दुसरं कुणी मिळेपर्यंत? नाहीतर वर्ग बंद पडेल."

मला मुलांची रांग दिसली. दारात काढून ठेवलेल्या चपला दिसल्या. मी 'बघू' म्हणालो असतो तर सगळे सुटले असते.

"मी मुलांवर ओरडायला लागलोय," मी म्हणालो. "ती आता माझ्यापुढे गप्प बसतात. अशा वर्गात काय शिकवायचं? नाही, पाळकसाहेब. बंद पडला तर पडू दे."

त्यांनी पिशवीतून कामांची यादी काढली. हुपरीपुढे पुढच्या वर्षासाठी माझं नाव टाइप करून झालं होतं. खिशातलं पेन काढून त्यांनी ते नाव खोडलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" ते हळूच म्हणाले.

"तुम्ही डोळे मिटून घेत होतात."

ते कसनुसं हसले आणि पुढे वळले. त्यांना लागलं होतं, हे मला मागूनही दिसत होतं.

मीनाक्षीबाई कुजबुजल्या, "माझ्या तोंडून गेलं हो गुरुजी. चुकलंच माझं."

"असू द्या. तुम्ही देवालाच सांगत होता."

सयाजीने गाडी सुरू केली. वळणं लागली तसे कानांना दडे बसू लागले. मोना काचेला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक वळणावर दरी आता कुठल्या बाजूला आली ते बाईंना सांगत होती. माझी पाठ तशीच दुखत होती. सुटल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता, तसं काही वाटलं नाही.

शिबिरानंतरच्या रविवारी मुलांना सांगायचं होतं. मी म्हणालो असतो तर पाळकसाहेब स्वतः आले असते, पण हे मलाच करायला हवं होतं. काय सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली. देवाने मला दुसरीकडे बोलावलंय, हे खोटं होतं. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, हेही खोटं. मुलांना दोन्ही खोटं असल्याचं लगेच कळलं असतं. साखरपा येईपर्यंत एकच वाक्य उरलं. 'बाळांनो, मी थकलोय, आणि थकलेला माणूस तुमच्यावर ओरडतो.' ते मी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं.

"काय म्हणताय गुरुजी?" मोनाने विचारलं.

"पाठांतर करतोय," मी म्हणालो.