दोन्ही पद्धती मान्य

रेगुलाने मसुद्याचं सातवं पान उलटलं आणि नाक मुरडलं. जिनिव्हाच्या या खोलीत सहा वर्षं खुर्च्या झिजवून वैद्यकीय उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या समितीतल्या या शहाण्यांनी ठरवलं काय, तर सलाइनच्या पंपाने वॉर्डातल्या स्क्रीनशी दोन पद्धतींनी बोलावं आणि दोन्ही पद्धती प्रमाण मानाव्यात. म्हणजे आजवरचाच गोंधळ, फक्त वर शिक्का.

बर्नमधल्या तिच्या हॉस्पिटलात असाच एक पंप बंद पडला होता. स्क्रीन दुसऱ्या कंपनीची, तिच्यावर इशारा उमटलाच नाही आणि पेशंट गेली. एकच पद्धत होईल, नाहीतर मसुदा अडवीन, असा शब्द रेगुलाने तिथल्या नर्सना दिला होता.

कॉफीच्या सुट्टीत एकेक जण तिच्या कानाशी लागला. तुझंच बरोबर आहे, आमचा कंपनीपुढे इलाज नाही, तू मात्र हटू नकोस. ओठांवर क्रोआसाँचा चुरा तसाच ठेवून कुजबुजणाऱ्या या माणसांची तिला किळस आली. यालमारी तर कुजबुजायलाही आला नाही. पंपवाल्यांचा हा पगारी फिनिश गडी बैठकीत खुशाल पेंगायचा आणि जेवणाला सगळ्यांच्या आधी हजर. त्याच्याइतका फुकट माणूस तिने पाहिला नव्हता.

मग अध्यक्ष मोरेरोने तिला खिडकीशी बोलावलं. पुढची आवृत्ती एकाच पद्धतीची करू, त्यासाठीच्या समितीच्या अध्यक्ष तुम्हीच, आज एवढं पार पडू द्या. किती स्वस्तात विकत घ्यायला निघालाय, असं तिच्या मनात आलं. तिने नाही मात्र म्हटलं नाही.

"कुणाची हरकत?" सगळे बसल्यावर मोरेरोने विचारलं. इथे गप्प बसणं म्हणजे होकार. सगळे टेबलाकडे पाहत राहिले. रेगुलाही.

"माझी आहे," यालमारी म्हणाला.

"तुमच्या कंपनीने तर होकार कळवलाय."

"कळवला असेल. दोन पद्धती म्हणजे एकही नाही. मला काढतील, काढू देत."

हरकत टिकायला आणखी एकाचा पाठिंबा लागे. मोरेरोने तो मागितला. यालमारी निर्धास्तपणे रेगुलाकडे वळला. दुसऱ्या कुणाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

रेगुलाने समोरच्या मसुद्याचं पान उलटलं. मोरेरोने मसुदा मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

"मला वाटलं, तू बोलशील," यालमारी हळूच म्हणाला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," रेगुला म्हणाली.

त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि तिच्या ग्लासात पाणी ओतलं.