चंडोलाचं औषध

१९४४ साली मी नगरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. आमच्या भिंतीला भिंत लागून मुबारकबी राहायच्या. मी त्यांना चाची म्हणायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा इब्राहिम फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला होता. जाताना त्यानं आपला चंडोल आईच्या हवाली केला. ‘हा गातोय तवर मी धड हाय असं समज,’ असं तो हसत म्हणाला. चाचींनी ते हसण्यावारी नेलं नाही.

सप्टेंबरात एका मांजरानं पिंजऱ्यावर झेप घेतली. पक्षी वाचला, पण मुका झाला. चाचींचं जेवण सुटलं.

मी समजावलं, “चाची, भ्यालेला पक्षी गात नाही. शिवाय त्याचा हंगामही सरलाय. नराच्या रक्तात एक रस असतो, तो वाढला की पक्षी गातो. आता तो आटलाय. इब्राहिमशी त्याचा काही संबंध नाही.”

“आसंल,” त्या म्हणाल्या. “पर घास उतरत न्हाई, मास्तर, त्याला काय करू?”

पंधरवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या. तो रस टोचला तर पक्षी अवेळीही गातात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. ओळखीच्या डॉक्टरांकडून मी तो रस तेलात मिसळलेली एक कुपी आणली आणि त्यातलं थेंबभर तेल चंडोलाच्या छातीत टोचलं. चाचींना सांगितलं, ताकदीचं औषध आहे. दर आठवड्याला टोचत राहिलो.

दहाव्या दिवशी सकाळी तो गायला. चाची उठून बसल्या, माझ्या बायकोकडून, लिडियाकडून, भाकरी मागून घेतली. महिनाभरात त्या घोडेगावला जाऊन इब्राहिमसाठी सुरय्या नावाची मुलगी बघून आल्या. लग्नासाठी हिरव्या ओढणीला जरीचा गोटा लावायला घेतला.

डिसेंबरात फौजेचं पत्र आलं. इंग्रजी होतं, म्हणून चाची ते घेऊन माझ्याकडे आल्या.

“सुट्टी कधी मिळाली, तेवढं बघा.”

इब्राहिम चौदा जुलैलाच लढाईत मारला गेला होता. मी वाचून दाखवलं. त्यांनी तारीख पुन्हा विचारली. मग बराच वेळ बोटांवर महिने मोजत राहिल्या.

“मग चंडोल कसा गायला?”

मी खरं ते सांगितलं. मांजर येईपर्यंत तो हंगामामुळे गात होता आणि नंतर माझ्या औषधामुळे; सुई, तेल, सगळं.

“तुमाला वाटलं, म्हातारी जगंल,” त्या हळू म्हणाल्या. “जगले. पर माझं लेकरू मातीत, आन् मी त्याच्यासाठी एक फातेहा पढली न्हाई. ओढणीला गोटा लावत बसले.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

मी सुई बंद केली. आठ-दहा दिवसांत गाणं विरलं. जानेवारीत चाची बहिणीकडे सुप्याला राहायला गेल्या. ट्रंक मी टांग्यात ठेवली. पिंजरा त्यांनी लिडियाच्या हातात दिला आणि बजावलं, “दाणा-पानी येळेवर घाल गं. त्याचा काय गुन्हा.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.